साथींत दगावलेलें जनावर : पुरावें कीं जाळावें ?

साथीच्या दिवसांत गोठ्यांतील एक जनावर दगावलें म्हणजे मालकाचें सारें लक्ष उरलेल्या जनावरांकडे लागतें, व तें साहजिकच आहे. मेलेल्याची व्यवस्था मात्र कशीबशी उरकली जाते. गांवकुसाबाहेर ओढून टाकलें, अगर ओढ्याच्या कांठीं दोन हात खड्डा काढून चार पाट्या माती लोटली, कीं काम झालें असें समजतात. वस्तुतः रोग एका गोठ्यांतून साऱ्या शिवारांत जातो तो पुष्कळ वेळां याच वाटेनें.

पुरावें कीं जाळावें हा प्रश्न मागाहूनचा. जनावर कशानें मेलें हा पहिला. धडधाकट बैल संध्याकाळीं वैरण खातो आणि पहांटे मरून पडलेला सांपडतो. पोट भराभर फुगतें, अंग नीट ताठत नाहीं, नाकातोंडांतून व गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त येतें. 'पान लागलें असेल' असें म्हणून आपण सोडून देतों. परंतु हीं लक्षणें फाशीचीं, म्हणजे काळपुळीचीं असूं शकतात; डॉक्टर लोक यासच अँथ्रॅक्स म्हणतात. अशा जनावरास सुरी लावूं नये, कातडें सोलूं नये, पोट चिरून पाहण्याचा आग्रह धरूं नये. यांतील कारण समजून घेण्याजोगें आहे. न फाडलेल्या कलेवरांत या रोगाचे जंतु कुजण्याच्या क्रियेनें थोड्याच दिवसांत बहुतांशीं मरून जातात, कारण तेथें त्यांस हवा मिळत नाहीं. कलेवर फाडलें, रक्त सांडलें, कीं हवा लागून त्यांचीं बीजें बनतात; आणि हीं बीजें उन्हापावसास न जुमानतां जमिनींत कित्येक दशकें टिकतात. पुरलेल्या जनावरांवरची माती गांडुळें वर आणतात व तिच्यांतून रोग पुनः उद्भवतो, असें मत पाश्चरनें १८८० सालीं मांडलें होतें. सोलणाऱ्या माणसास तर हा रोग हातावरच्या लहानशा ओरखड्यांतूनहि होतो.

म्हणून फाशीचा संशय असेल तेथें जाळणें उत्तम. नमुना घ्यावयाचा तो पशुवैद्यासच घेऊं द्यावा. तोंपर्यंत नाकपुड्या व गुदद्वार जंतुनाशकांत भिजविलेल्या बोळ्यांनीं बंद करून कुत्र्यांस दूर ठेवावें, आणि उघड्या हातानें कशासहि शिवूं नये. रक्त सांडलेली माती खरडून तीहि कलेवराबरोबरच जाळावी. फऱ्याचे जंतुहि जमिनींत बीजरूपानें राहतात; सबब त्या जनावरासहि चिरूं नये.

जाळावयाचें तें पुरतें जाळावें. माणसाच्या चितेस तीन-चारशें किलो लांकूड लागतें. बैलास किती लागेल याचा अंदाज त्यावरून करावा. खालून वारा खेळेल असा चर खणून त्यावर सरण रचावें. लांकूड कमी पडलें अगर ओलें निघालें तर अर्धवट जळालेले अवयव कुत्रीं गांवभर नेतात, आणि तें न जाळण्याहूनहि वाईट. टायर घालून आग वाढवूं नये. त्याचा धूर विषारी असतो.

लंपी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांत खोल पुरणें बहुधा पुरतें. २०२२ सालीं लंपीनें महाराष्ट्रांत हजारों जनावरें नेलीं. तिचा विषाणु वाळलेल्या खपल्यांत बराच काळ तग धरतो, तेव्हां कातड्याचा मोह येथेंहि नको. खड्डा असा असावा कीं जनावर आंत ठेवल्यावर त्याच्यावर निदान चार-पांच फूट माती बसेल. म्हणजे सात-आठ फूट खोली हवी. खालीं-वर चुनकळीचा थर द्यावा, परंतु चुन्यानें कलेवर विरघळून जातें ही समजूत खोटी आहे. फाशीच्या कलेवरास तर चुना लावूंच नये, असें पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. मिठाविषयीं काय बोलावें ! मिठानें मांस टिकतें, हें आपल्या घरांतील बायकांस आपल्याहून चांगलें ठाऊक आहे.

खरी अडचण जमिनीची. काळी जमीन उन्हाळ्यांत हातभर फाटते. तेथें वरचा थर चांगला धुम्मस करून त्यावर मातीचा उंचवटा ठेवावा. कोंकणांत श्रावणांत कित्येक ठिकाणीं थोडें खणतांच पाणी लागतें. अशा जागीं पुरणें म्हणजे विहिरींत टाकण्यासारखेंच. आपल्या विहिरीचें पाणी कोठवर चढतें हें मालकास जितकें ठाऊक असतें तितकें कोणाहि अंमलदारास नसतें. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या बराच वर राहिला पाहिजे. तसें नसेल तर उंचावरची सार्वजनिक जागा ग्रामपंचायतीकडून आधींच ठरवून घ्यावी. साथ आल्यावर जागा शोधूं लागल्यास तंटेच होतात.

उघड्यावर टाकण्याचे दिवस तर गेलेच. पूर्वीं गिधाडें दिवसाभरांत सांगाडा साफ करीत. जनावरांस दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधानें तीं इतकीं मेलीं कीं २००६ सालीं सरकारनें तें जनावरांसाठीं बंद केलें. तरी गिधाडें परत भरलीं नाहींत, आणि त्यांची जागा मोकाट कुत्र्यांनीं घेतली. मेलेलीं ढोरें ओढण्याचें काम गांवानें पिढ्यान्‌पिढ्या एका जातीवर लादलें होतें. तें टाकून द्या, असें डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास आपल्या बांधवांस सांगितलें, व तें योग्यच झालें. जनावर ज्याचें त्यानेंच हें काम आपल्या शिरावर घेतलें पाहिजे. २००९ च्या कायद्यान्वयें अनुसूचित रोगाची वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्य आहे, आणि रोगट कलेवर नदीनाल्यांत टाकणें हा गुन्हा आहे.

काम झाल्यावर दोर, गाडी, फावडीं व हातपाय जंतुनाशकानें धुवावे. उष्टी वैरण जाळावी. पुरल्या जागेभोंवतीं काटेरी कुंपण घालून चार कोपऱ्यांवर दगड रोवावे, आणि ती जागा मुलांसहि दाखवून ठेवावी. पुढें घराचा पाया अगर विहीर खणतांना तेथें कुदळ पडूं नये.