इशायाचा वृक्ष

शहाजीराजे भोसले यांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली आणि तेथे त्यांचा दरबार भरू लागला. जयराम पिंडे याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला तो त्यांच्याच आश्रयाने. त्या काव्यात शहाजीराजांच्या पराक्रमाबरोबर त्यांच्या कुळाचाही गौरव आहे. पुढे १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी वंशाचा प्रश्न किती निकडीचा ठरला, हे सर्वश्रुतच आहे. तलवारीने मिळविलेल्या राज्यालाही वंशावळीचा आधार लागतो. ही गरज एका देशाची नाही, तशी एका धर्माचीही नाही. ख्रिस्ती कलेतील वंशवृक्ष जन्मला तो याच गरजेतून.

या वृक्षाला ‘इशायाचा वृक्ष’ म्हणतात. इशाय हा दावीद राजाचा पिता, बेथलेहेम गावचा एक साधा गृहस्थ. चित्रात तो खाली निजलेला असतो. त्याच्या देहातून एक खोड वर निघते, फांद्यांवर राजे बसलेले असतात, त्यांच्यावर मरीया आणि अगदी शेंड्याला ख्रिस्त. शेषशायी विष्णूच्या नाभीतून उगवलेले कमळ ज्याने पाहिले आहे, त्याला ही रचना परकी वाटणार नाही. दोहोंचा परस्परसंबंध मात्र मानण्याचे कारण नाही. निजलेल्या पुरुषातून सृष्टी किंवा संतती उगवते, ही कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते.

चित्राचा आधार यशया या संदेष्ट्याच्या वचनात आहे. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला नवा कोंब फुटावा, तसा इशायाच्या कुळातून एक न्यायी राजा निघेल, अशी आशा त्याने व्यक्त केली. लॅटिन भाषेत कोंबाला ‘विर्गा’ आणि कुमारिकेला ‘विर्गो’ म्हणतात. या शब्दसाम्यामुळे मध्ययुगीन पंडितांनी कोंब म्हणजे कुमारी मरीया आणि त्याचे फूल म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ लावला. अकराव्या शतकाच्या अखेरीस ही प्रतिमा हस्तलिखितांत आढळू लागली. बाराव्या शतकाच्या मध्याला ती फ्रान्समधील सें-दनी आणि शार्त्र येथील चर्चच्या रंगीत काचांत उतरली. शार्त्रच्या खिडकीत इशायाच्या वर चार राजे, मग मरीया, मग ख्रिस्त अशी चढण आहे. ख्रिस्ताभोवती सात कबुतरे आहेत. ती पवित्र आत्म्याच्या सात वरदानांची चिन्हे होत. अक्षरओळख नसलेल्या भाविकाला एवढा सारा इतिहास एका दृष्टिक्षेपात कळत असे.

परंतु चित्राने जे सांगितले, त्याहून ग्रंथात अधिक आहे. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतची वंशावळ दिली असून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग केले आहेत. पित्यांच्या त्या मालिकेत मरीयेखेरीज चार स्त्रिया येतात. तामार हिने सासऱ्याकडून आपला हक्क मिळविला तो वेश पालटून. राहाब यरीहो नगरीची वेश्या होती. रूथ परक्या मवाब देशाची, विधवा. चौथीचे नावही न देता मत्तय तिला उरीयाची पत्नी म्हणतो. दावीदाने तिच्या पतीचा घात केला, ही गोष्ट वाचकाने विसरू नये, हाच त्यातील हेतू दिसतो. यांतील रूथ ही इशायाची आजी. म्हणजे ज्याच्या देहातून हा राजवृक्ष उगवला, त्याच्याच रक्तात परदेशी विधवेचा अंश होता. चित्रकारांनी फांद्यांवर बहुधा मुकुटधारी पुरुष बसविले. या आज्यांना तेथे क्वचितच जागा मिळाली.

आणखी एक नवल आहे. ही वंशावळ पोचते ती मरीयेचा पती योसेफ याच्यापर्यंत. आणि योसेफ हा ख्रिस्ताचा देहाने पिता नव्हे, असे तोच अध्याय सांगतो. त्याने मुलाचे नाव ठेवले, त्याला आपला मानले, आणि त्या स्वीकाराने मूल दावीदाच्या कुळाचे झाले. दत्तकाने कूळ चालते, हे जाणणाऱ्या समाजाला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

हा विचार हिंदुस्थानात रुजला का? इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात ख्रिस्तपूर्व कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे. नव्या धर्मात आलेल्यांना या ग्रंथाने एक नवी पूर्वजपरंपरा दिली. पण जुनी परंपरा सुटली नाही. गावच्या सामाईक जमिनीतील गावकरीचा हक्क पुरुषवंशानेच चालत राहिला आणि जातिभेद चर्चच्या दारातून आत गेले. त्याच गोव्यात सतराव्या शतकात हस्तिदंताच्या ‘उत्तम मेंढपाळा’च्या मूर्ती घडत होत्या. डोंगरावर बालख्रिस्त डोळे मिटून बसलेला, खाली झरा आणि मेंढरे; काही मूर्तींत मागे पानांनी डवरलेला वृक्षही असतो. त्या वृक्षावर राजे नाहीत. तो वंशाचा नव्हे, आश्रयाचा वृक्ष आहे.

हाच धागा बंगळूरात पुन्हा हाती लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्ये, फादर अमलोर्पवदास यांच्या पुढाकाराने तेथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र सुरू झाले, आणि ख्रिस्ती उपासनेला भारतीय रूप देण्याच्या प्रयत्नाला चालना मिळाली. पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांनी बंगळूरच्या उत्तरेस सिल्वेपुरा येथे आपला कला-आश्रम उभारला. वृक्ष ही त्यांच्या कलेत पुनःपुन्हा येणारी प्रतिमा आहे. तेथे क्रूसही वृक्ष होतो. त्याचा संबंध राजकुळाशी नाही, मातीशी आहे.

भारतीय परंपरेत ऊर्ध्वमूल अश्वत्थ प्रसिद्ध आहे. त्याची मुळे वर आणि फांद्या खाली. लूकने दिलेली वंशावळ अशीच उलटी आहे. ती ख्रिस्तापासून मागे मागे जात आदामाला आणि शेवटी देवाला भिडते. इतक्या दूर गेल्यावर राजा, मेंढपाळ, परदेशी विधवा, सारी एकाच मुळाची ठरतात. वंशवृक्ष काढणारा सामान्यतः आपण इतरांहून वेगळे कोठे झालो, ते शोधतो. त्याने तीच रेघ पुरेशी लांब ओढली, तर वेगळेपण कोठे संपते, तेही तिच्यातच दिसते.