माहिती फुटली तर काय करावें?

परगांवीं जातांना घराची किल्ली शेजाऱ्याच्या हवालीं करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. किल्ली हरवली तर शेजारी तसें सांगतो, आणि कुलूप बदललें कीं काम भागतें. आज मनुष्याचें नांव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, आधार व बँकखातें ह्यांचे क्रमांक ह्याहि एक प्रकारच्या किल्ल्याच होत. आणि त्या बँका, दवाखाने, दुकानें, विमा कंपन्या अशा अनेकांच्या हवालीं केलेल्या असतात. मात्र त्या हरवल्याचें आपण होऊन सांगणारा शेजारी विरळा. आणि जन्मतारखेचें कुलूप तर बदलतांहि येत नाहीं.

ही गोष्ट केवळ मोठ्या शहरांतील लोकांची आहे असें कोणी समजूं नये. जस्टडायल ही मुंबईची कंपनी दूरध्वनीवरून दुकानांचे व कारागिरांचे पत्ते पुरविते. तिच्या जुन्या संगणक-व्यवस्थेचें एक दार कुलूप न लावतांच राहून गेलें असून, त्यांतून दहा कोटींहून अधिक ग्राहकांचीं नांवें, क्रमांक व पत्ते परक्यांस पाहतां येतात, असें वृत्त एप्रिल २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें. नुसता फोन करून चौकशी करणाऱ्यांचाहि त्यांत समावेश होता. म्हणजे उमरेडच्या एखाद्या गृहस्थानें पंप दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता एकदां विचारला असेल, तर त्याचें नांवहि त्या यादींत असणें शक्य होतें. येथें दरोडा पडला नव्हता. दार लावावयाचें राहिलें होतें, एवढेंच.

चूक नेहमींच इतकी मोठी नसते. एकाचें बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जातें. एका रुग्णाचा तपासणी-अहवाल भलत्याच मोबाइलवर पोंचतो. ग्राहकांची सबंध यादी एखाद्या पत्रास चुकून जोडली जाते. कारण कोणतेंहि असो, एक गोष्ट मनाशीं पक्की धरावी. फुटलेली माहिती परत गोळा करतां येत नाहीं. तिचा दुरुपयोग मात्र पुष्कळ अंशीं टाळतां येतो. म्हणून आधीं बंदोबस्त, मग संताप.

प्रथम नेमकें काय गेलें तें पाहावें. पासवर्ड गेला असेल तर तो तत्काळ बदलावा, आणि तोच अन्यत्र वापरला असल्यास तेथेंहि बदलावा. कारण चोर हातीं लागलेली किल्ली गल्लींतील प्रत्येक दारास लावून पाहतो. कार्डाचा क्रमांक गेला असेल तर बँकेस सांगून कार्ड बंद करावें. आधार क्रमांक गेला असेल तर बोटांच्या ठशांची पडताळणी आधारच्या संकेतस्थळावरून कुलूपबंद करतां येते. मग ठसे जुळवून पैसे काढण्याची वाट बंद होते. आपल्या नांवावर परक्यानें मोबाइल-जोडणी घेतली आहे काय, हें सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतें. आणि आपल्या नांवें कर्ज उचललें गेलें आहे काय, हें सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या अहवालावरून कळतें. असा अहवाल वर्षांतून एकदां विनामूल्य मिळतो.

खरा धोका पुढेंच असतो. माहिती फुटल्यावर त्याच कंपनीच्या नांवानें फोन येऊं लागतात. बोलणारा नम्र असतो. नांव, पत्ता, मागील खरेदीची तारीखहि बिनचूक सांगतो, आणि ‘नुकसानभरपाई देण्यासाठीं’ म्हणून मोबाइलवर आलेला ओ. टी. पी. विचारतो. ह्याला इतकें ठाऊक आहे त्या अर्थीं हा कंपनीचाच मनुष्य, असें ऐकणाऱ्यास वाटतें. वस्तुतः माहिती फुटली आहे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. कोळशाच्या खाणींतून निवृत्त झालेल्या उमरेडच्या कामगाराची जन्माची पुंजी अशा एका गोड संभाषणांत नाहींशी होऊं शकते. फोन ठेवून द्यावा, आणि पासबुकावर अगर बिलावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खातरजमा करावी.

पैसे गेलेच, तर क्षणहि न दवडतां १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस लेखी कळवावें. दोष बँकेचाहि नाहीं आणि ग्राहकाचाहि नाहीं, अशा प्रसंगीं बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकानें कळविल्यास त्याच्यावर तोशीस पडूं नये, असा नियम रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं घालून दिला. गुप्त क्रमांक ग्राहकानेंच सांगितला असेल, तर मात्र कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें. पुण्याच्या एका उद्योगाच्या खात्यांतून सुमारें ८० लाख रुपये परस्पर गेले, तेव्हां राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनीं २०१३ सालीं पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. परंतु तक्रारदारानें फसव्या ई-मेलला उत्तर दिलें होतें, म्हणून जबाबदारीचा वांटा त्याच्याकडेहि राहिला.

बंदोबस्त झाल्यावर कंपनीस पत्र लिहावें. कोणती माहिती, केव्हां, कोणाच्या हातीं गेली. ती पुसून टाकण्यासाठीं काय केलें. आणि पुन्हां असें होऊं नये म्हणून काय करणार, असे तीन प्रश्न त्यांत असावेत. उत्तरास मुदत घालावी. चुकून आलेला संदेश, त्याची तारीख व वेळ, सर्व जपून ठेवावें. तोंडीं दिलगिरीला पुढें पुरावा म्हणून किंमत राहत नाहीं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. त्यानंतर २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीस विनाविलंब कळविण्याचें बंधन त्यांत आहे. कंपन्यांवरील हीं मुख्य बंधनें अठरा महिन्यांनीं अमलांत आणण्याची योजना त्या नियमांतच आहे. सुरक्षिततेंत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मात्र तो सरकारी तिजोरींत जमा होतो. ज्याचें नुकसान झालें त्याला त्यांतून कांहीं मिळत नाहीं. शिवाय नव्या मंडळाकडे जाण्यापूर्वीं कंपनीकडे दाद मागितलेली असावी लागते. वरील पत्र तेथेंहि उपयोगी पडतें.

भरपाईची वाट जवळच आहे. ग्राहकानें विश्वासानें दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसतां दुसऱ्यास उघड करणें, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तक्रारदार जेथें राहतो त्याच जिल्ह्यांत तक्रार करण्याची मुभाहि ह्या कायद्यानें दिली. त्यामुळें कंपनीची कचेरी मुंबईस असो वा बंगळूरास, उमरेडच्या मनुष्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढें उभें राहतां येतें. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी. वस्तूचा अगर सेवेचा दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं.

कधीं उलटहि घडतें, आणि परक्याचा कागद आपल्या हातीं येतो. तो इतरांस दाखवूं नये, मोबाइलवरून पुढें पाठवूं नये. पाठविणाऱ्यास चूक कळवून पुसून टाकावा. शेजाऱ्याची किल्ली रस्त्यांत सांपडली, तर ती त्याच्या हातीं नेऊन देणें हेंच सभ्य गृहस्थाचें कर्तव्य ठरतें. दार उघडून आंत डोकावणें नव्हे.