गुडघा तोच, बिल वेगळे

बिलाच्या आत : भाग 6

पुण्यात एका गुडघ्याच्या सांधेबदलासाठी तीन रुग्णालयांतून एस्टिमेट आणा. एकाचा आकडा पावणेदोन लाख, दुसऱ्याचा पावणेतीन, तिसऱ्याचा साडेचार, असे सहज घडते. मिरजेकडे कुणी ओळखीचे असेल तर तिथून याहूनही कमी आकडा कानावर येतो. रुग्ण तोच, एक्स-रे तोच आणि पुष्कळदा आत बसणारा सांधाही त्याच कंपनीचा. मागच्या भागात मोतीबिंदूच्या बिलात लेन्स कोणती यावर सगळा खेळ होता. गुडघ्यातही तसेच असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण या बिलात सर्वांत भारी वाटणारी वस्तूच सर्वांत घट्ट बांधलेली आहे. फरक पडतो तो भलतीकडे.

आधी ती वस्तू. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारा धातूचा भाग, बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा. नडगीच्या हाडावर धातूची बैठक. दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती. काही रुग्णांत गुडघ्याच्या वाटीच्या मागेही एक छोटी चकती बसवतात. हे सगळे हाडाला धरून ठेवायला बोन सिमेंट. या संचाला सगळे ‘इम्प्लांट’च म्हणतात, आपणही तेच म्हणू.

16 ऑगस्ट 2017 रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, या इम्प्लांटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संचाची सरासरी किंमत तोवर 1,58,324 रुपये होती, ती 54,720 वर आली. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा संच 2,49,251 वरून 76,600 वर आणि ‘हाय फ्लेक्स’ म्हणून विकला जाणारा 1,81,728 वरून 56,490 वर. जीएसटी वेगळा. पुढे या आदेशाला मुदतवाढी मिळत गेल्या आणि आकडे थोडे हलले, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी चालू मर्यादा एनपीपीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. कंपनी ते रुग्ण या वाटेवर किमतीत सरासरी 313 टक्के नफा चढत होता, असे सरकारने तेव्हा सांगितले होते.

हा सगळा नफा हवेतला होता, असेही म्हणता येत नाही. रुग्णाच्या हाडाचे नेमके माप टेबलावरच ठरते, म्हणून वितरकाला सर्व मापांचे संच आणि डझनभर हत्यारांचे ट्रे त्या सकाळी रुग्णालयात पोचवावे लागतात. कंपनीचा माणूस अनेकदा ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, उभा असतो आणि सर्जनने माप सांगितले की तो डबा पुढे करतो. वापरला एक, आणले वीस. या साठ्याचा खर्च कुणीतरी भरणारच. पण सांधा निवडतो डॉक्टर, विकत घेते रुग्णालय आणि पैसे देतो वेदनेने घायकुतीला आलेला माणूस किंवा त्याची विमा कंपनी. अशा बाजारात घासाघीस करायला कोणी उरत नाही. किंमत बांधणे हाच तिथला उपाय होता, असे माझे मत आहे. कंपन्यांनी त्यावर नाराजी दाखवली, पण ते अपेक्षितच होते.

त्या आदेशातली एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक आहे. इम्प्लांटची किंमत बिलात स्वतंत्र दाखवली पाहिजे, आणि सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार, बॅच क्रमांकही. त्यामुळे ‘पॅकेज 2,80,000’ असा एकच आकडा कुणी हातावर ठेवला तर आत इम्प्लांट कितीचे, हे विचारायला संकोचू नये. प्रत्येक भागाच्या वेष्टनावर स्टिकर असतात, ते केसपेपरवर चिकटवले जातात. त्यांची प्रत घरच्या फाइलीत असू द्यावी. पंधरा वर्षांनी त्यातली एखादी चकती बदलायची वेळ आली तर कोणत्या कंपनीचे कोणते माप आत आहे, हे त्या चिठोऱ्यावरूनच कळते.

माहितीपत्रकांतला सोनेरी गुडघा आणि मांडी घालता येणारा गुडघा यांच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सोनेरी रंग हा टायटॅनियम नायोबियम नायट्राइडच्या लेपाचा. ज्यांना निकेलसारख्या धातूची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी त्याचा विचार होतो. बाकीच्यांना तो तीस वर्षांच्या वायद्यावर विकला जातो. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यानुसार संपूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे 82 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात. पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले ते सांधे, म्हणजे आजच्या भाषेत साधेच. वाकण्याचे म्हणाल तर शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती नेटाने केला, यावर ते जास्त ठरते.

आता मूळ मुद्द्याकडे. बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या दरपत्रकात शस्त्रक्रियेसमोर एक आकडा नसतो, चार-पाच असतात : जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स, स्वीट. खोली बदलली की केवळ खोलीभाडे बदलत नाही. सर्जनची फी, सहायकाची फी, ओटी चार्जेस, फिजिशियनची राउंडची फी, नर्सिंग, बऱ्याच ठिकाणी रक्ततपासणी आणि एक्स-रेसुद्धा त्या रकान्याप्रमाणे वर सरकतात. भूलतज्ज्ञाचे मानधन सर्जनच्या फीच्या साधारण एक तृतीयांश धरण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे तेही आपोआप चढले. मंगल कार्यालयात एसी हॉल घेतला म्हणून भटजींची दक्षिणा वाढत नाही, इथे वाढते. ओटी एकच, टेबल एकच, सर्जनचे हात तेच. रुग्ण भूल उतरून कोणत्या खाटेवर जाणार, यावर त्या हातांची किंमत ठरलेली असते.

घरच्यांचा हिशेब साधा असतो. सिंगल रूम दिवसाला तीन हजारांनी महाग, चार दिवस राहायचे, बारा हजार जास्त. आईला रात्री नीट झोप लागेल, चला. डिस्चार्जच्या दिवशी फरक लाखाच्या आसपास निघतो आणि तो नेमका कुठून आला, हे बिलिंग काउंटरवरच्या मुलालाही धड सांगता येत नाही. रुग्णालयांचे म्हणणे असे की वरच्या वर्गाकडून जास्त घेतो म्हणून जनरल वॉर्ड स्वस्त ठेवता येतो. ट्रस्टच्या रुग्णालयांत यात तथ्य आहे, आणि ही तजवीज मला वाईटही वाटत नाही. माझी तक्रार एवढीच की खोली निवडताना हे कोणी सांगत नाही. अ‍ॅडमिशनच्या टेबलावर खोल्यांची चित्रे दाखवतात, रकाने दाखवत नाहीत. एस्टिमेट मागताना दोन वर्गांचे लेखी मागावे, मग त्या खाटेची खरी किंमत दिसते. आणखी एक छोटी भर : दिवसाला 5,000 रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर, आयसीयू वगळून, 18 जुलै 2022 पासून पाच टक्के जीएसटीही आला.

विमा असेल तर हीच खाट दुसऱ्यांदा चावते. समजा, पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. तुम्ही 8,000 ची खोली घेतली. विमा कंपनी फक्त रोजचे तीन हजार कापून थांबत नाही. खोलीवर अवलंबून असलेला सगळा खर्च ती पाचास आठ या प्रमाणात कापते. तो खर्च 1,60,000 असेल तर कंपनी एक लाख देणार आणि साठ हजार तुमच्या खिशातून. विमा नियामकाने 2020 पासून या कात्रीतून औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या वगळल्या आहेत. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, पत्रात इम्प्लांटवरही प्रमाणशीर कपात दिसली तर लेखी हरकत घ्यावी. जिथे खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत, अशा रुग्णालयात ही कपात करताच येत नाही. बाकी गुडघेबदलासाठी बहुतेक पॉलिसींत निदान दोन वर्षे थांबावे लागते, अपघात सोडून. दुखणे सुरू झाल्यावर पॉलिसी घेणाऱ्यांची इथेच गाडी अडते.

रोबोचे काय? गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतच नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणीही रोबोटिक गुडघेबदलाचे फलक लागले आहेत. नाव ऐकून रोबो एकटाच ऑपरेशन करतो असे वाटते. प्रत्यक्षात सर्जनच हाड कापतो आणि यंत्र त्याला आखणीच्या बाहेर जाऊ देत नाही. यंत्राची किंमत काही कोटींत, शिवाय प्रत्येक रुग्णामागे एकदाच वापरायचे सुटे भाग, आणि काही यंत्रांसाठी आधी सीटी स्कॅन. म्हणून एस्टिमेटमध्ये वेगळी रक्कम चढते. आखणी अधिक अचूक होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पण त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी रुग्ण अधिक चांगला चालतो, याचा ठोस पुरावा अजून हाती नाही. ज्या सर्जनने वर्षानुवर्षे हाताने उत्तम काम केले आहे, त्याच्याकडे केवळ रोबो नाही म्हणून दुसरीकडे जाणे मला पटत नाही. विमा कंपन्याही रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा ठेवू शकतात, ते आधी वाचावे.

पैसे खरोखर कुठे घालावेत, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे आणि दोन्ही माहितीपत्रकात दिसत नाहीत. पहिली म्हणजे ओटीची स्वच्छता. सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन, पण ज्याला झाला त्याचे हाल विचारू नयेत. बसवलेला सांधा काढायचा, अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा, कित्येक आठवडे सलाइनमधून औषधे आणि मग पुन्हा नवा सांधा, तोही पहिल्यापेक्षा महागडा. हवा गाळणारी ओटी, निर्जंतुकीकरणाचा स्वतंत्र विभाग, प्रशिक्षित नर्स यांचा खर्च दरात येतो आणि तो यावाच. दुसरी म्हणजे सर्जनचा सराव. वर्षाला किती गुडघे करता आणि तुमच्याकडे संसर्गाचे प्रमाण किती, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगला सर्जन त्यावर चिडत नाही.

मिरज स्वस्त पडते ते गुणवत्ता कमी म्हणून नव्हे. जागा, पगार, भाडी सगळेच मुंबईच्या मानाने उतरते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येत असल्याने त्या गावात सराव मोठा आहे. इम्प्लांटची मर्यादा मात्र दादर असो की मिरज, एकच.

एक खर्च कोणत्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो, तो म्हणजे ‘कट’. रुग्ण पाठवणाऱ्याला वाटा द्यायचा आणि तो ओटी चार्जेसमध्ये किंवा आणखी कुठे तरी जिरवायचा. सगळे डॉक्टर घेत नाहीत, पण घेणारे आहेत हे त्या व्यवसायातले लोकच सांगतात. महाराष्ट्राने 2017 मध्ये याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला, तो मसुदाच राहिला. फॅमिली डॉक्टरने एकाच रुग्णालयाचा फार आग्रह धरला तर दुसरीकडे दाखवून घ्यावे, एवढेच रुग्णाच्या हातात आहे.

दोन्ही गुडघे एकदम केले तर इम्प्लांट दोन लागतात, पण भूल, मुक्काम, तपासण्या बऱ्याच अंशी एकदाच. त्यामुळे बिल दुपटीहून कमी होते. हा हिशेब ऐकून मुले लगेच तयार होतात. हृदयाचे दुखणे असलेल्या, वयाने जास्त असलेल्या रुग्णाला मात्र एकदम दोन्ही झेपतीलच असे नाही, आणि तो निर्णय भूलतज्ज्ञ व फिजिशियन यांच्यावर सोडावा. वाचलेले पैसे आयसीयूच्या दोन रात्रींत जातात.

ज्यांना हे आकडेच परवडत नाहीत त्यांच्यासाठी दोन दारे आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सांधेबदल कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या अटींवर मंजूर होतो, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. पूर्वमंजुरी लागते, आधी ऑपरेशन आणि मग अर्ज असे चालत नाही. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाकडे जावे. काउंटरवर विचारले तर ‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर ठरलेले असते. किती खाटा रिकाम्या आहेत, ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येते.

एस्टिमेटच्या बाहेरही बिल चालूच राहते. वॉकर, कमोडची खुर्ची, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, सहा-आठ आठवडे घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, ब्यूरोची बाई. घरी भारतीय संडास असेल तर तो बदलण्याचे प्लंबरचे काम, तेही शस्त्रक्रियेच्या आधी. यातले बरेचसे विमा देत नाही. डिस्चार्जनंतरच्या 60 किंवा 90 दिवसांचा खर्च पॉलिसीत धरला असेल तर फिजिओची पक्की पावती, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, जोडावी लागते. फिजिओथेरपी मात्र पैशासाठी तोडू नये. पहिल्या दीड महिन्यात गुडघा जेवढा वाकवून घेतला जातो, त्याच्या पुढे नंतर फारशी मजल जात नाही.

पुढच्या भागात अँजिओप्लास्टी. स्टेंटची किंमत गुडघ्याच्याही आधी, फेब्रुवारी 2017 मध्ये बांधली गेली, तरी ते बिल कुठून फुगते ते पाहू.