सेंद्रिय शेतीकडे वळताना हातात काय पडते?

केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून सुरू आहे. लाभ एकट्याला नाही, गटाला. गट साधारण २० हेक्टरचा. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, पैकी खात्यात थेट १५,००० जमा होतात. उरलेले प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्रीकडे जातात. म्हणजे हातात एकरी वर्षाला जेमतेम २,०००! उत्पादन घटते ते नेमके याच काळात, आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत माल विकायचा नेहमीच्याच भावाने. प्रमाणपत्रासाठीची तपासणी गटातलेच शेतकरी एकमेकांची करतात: शेजारच्या रानातली फवारणी उडून येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडलाय का, हेही बघतात. गटात यायचे असेल, तर तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.