पिस्तुलाची गोळी: नऊ की पंचेचाळीस?

कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचा आतला व्यास आणि ढोबळमानाने तिच्यातून सुटणाऱ्या गोळीचाही व्यास. युरोपात तो मिलिमीटरमध्ये मोजतात, अमेरिकेत इंचात. म्हणून एक काडतूस '९ मिमी' ठरते आणि दुसरे '.४५'. भारतात परवान्यावर आणि बोलण्यात त्यालाच 'बोअर' म्हणतात. नावातल्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये. '.३८ स्पेशल' या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातली गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंचाची, म्हणजे सुमारे ९.०७ मिलिमीटरची असते. ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीत आणि तिच्यात केसभराचाच फरक आहे. .४५ची गोळी साधारण साडेअकरा मिलिमीटर जाडीची. स्वसंरक्षणासाठी यातले कोणते घ्यावे, यावर अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला, आणि तो मुख्यतः या अडीच मिलिमीटरभोवतीच फिरत राहिला.

वादाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. जाड, जड गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, असे सिनेमा दाखवतो. गणित वेगळेच सांगते. .४५ची नेहमीची गोळी १४.९ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २५५ मीटर वेगाने सुटते. तिचा सगळा संवेग ७० किलो वजनाच्या माणसात उतरला, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम साडेपाच सेंटिमीटर भरतो. साधे चालतानाही माणसाचा वेग याच्या वीस-पंचवीस पट असतो. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच धक्का गोळी झाडणाऱ्याच्या हातालाही बसतो. गोळीने समोरचा उडून पडत असता, तर झाडणाराही उडून पडला असता. ऊर्जेच्या हिशेबातही मोठे अंतर नाही. ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने गेली, तर तिची ऊर्जा सुमारे ५२० ज्यूल होते; .४५ची ४८५च्या आसपास.

मग गोळी माणसाला थांबवते कशी? शरीर हुकमी बंद पडण्याचे मार्ग दोनच आहेत. मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाली, तर हालचाल तत्काळ थांबते. नाहीतर हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटून इतके रक्त जावे लागते की मेंदूला प्राणवायू पुरत नाही. हा दुसरा मार्ग वाटतो त्यापेक्षा बराच संथ आहे. हृदय पूर्ण निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस १० ते १५ सेकंद जाणीवपूर्वक हालचाल करू शकतो. एवढ्या वेळात तो धावत येऊ शकतो, चाकू चालवू शकतो, गोळ्या झाडू शकतो. अनेक जण किरकोळ जखमेनेही खाली बसतात हे खरे. पण तो भीतीचा आणि वेदनेचा परिणाम असतो, त्याचा भरवसा धरता येत नाही. रायफलच्या अतिवेगवान गोळीमुळे आसपासच्या ऊती क्षणभर फाकतात आणि त्या ताणाने फाटतातही. पिस्तुलाच्या गोळीचा वेग त्याला पुरत नाही. तिने फाकलेल्या बहुतेक ऊती पुन्हा मिटतात. उरते ते तिने स्वतः चिरडत नेलेले भोक, आणि ते किती खोल गेले व वाटेत काय लागले, यावर सगळे ठरते.

हे उमगायला बरीच वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपिन्समध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांची तक्रार होती की त्यांच्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही तिथले मोरो योद्धे अंगावर येत राहतात. १९०४ साली शस्त्रास्त्र विभागाचे जॉन थॉम्पसन आणि लष्करी डॉक्टर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर, तसेच मानवी मृतदेहांवर निरनिराळ्या गोळ्यांचे प्रयोग केले. प्रयोग क्रूर होते आणि आजच्या कसोटीवर कच्चेही. जनावरांची संख्या अगदी थोडी होती. तरीही .४५पेक्षा लहान कॅलिबर नको, असा निष्कर्ष निघाला आणि १९११ साली अमेरिकी सैन्याने ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराचे .४५ पिस्तूल स्वीकारले. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती: शरीराचा बराचसा भाग असा आहे की तिथे गोळी लागून माणूस थांबत नाही, म्हणून सैनिकांना अचूक नेमाचा सराव सतत द्यावा. पुढच्या पिढ्यांनी पहिली शिफारस डोक्यावर घेतली आणि दुसरी विसरली. खरे महत्त्व दुसरीचे होते.

विचाराला वळण मिळाले ते ११ एप्रिल १९८६ रोजी. मायामीत बँका लुटणाऱ्या दोघांना एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेच्या आठ जणांनी गाठले आणि चकमक उडाली. चकमकीच्या सुरुवातीलाच एका एजंटची ९ मिमी गोळी मायकेल प्लॅट या लुटारूच्या उजव्या दंडातून आरपार गेली, छातीत शिरली, फुप्फुसात घुसली आणि हृदयापासून साधारण इंचभर अलीकडे थांबली. ही जखम प्राणघातक होती. पण तिने प्लॅट लगेच थांबला नाही; मध्ये काही मिनिटे गेली. त्या मिनिटांत प्लॅट रायफल चालवत राहिला. एफबीआयचे दोन जण ठार झाले, पाच जखमी झाले. ती गोळी आत शिरताच पटकन फुलावी अशी घडवलेली होती आणि ती फुललीही. नेमके म्हणूनच ती हृदयापर्यंत पोचली नाही.

एफबीआयने दोष कॅलिबरला दिला, पण सोबत मोजमापाची शिस्तही आणली. लष्करी शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी प्रमाणित केलेला जिलेटिनचा ठोकळा यात कामी आला. वजनाने १० टक्के जिलेटिन पाण्यात विरघळवून त्याचा ठोकळा घट्ट होऊ देतात आणि ४ अंश सेल्सियसला ठेवतात. छऱ्याच्या बंदुकीतून ठरावीक वेगाने झाडलेला पोलादी छर्रा त्यात साधारण साडेआठ सेंटिमीटर रुतला, तरच ठोकळा चाचणीसाठी योग्य धरतात. मग गोळी झाडतात: उघड्या ठोकळ्यावर, जाड कपड्यांआडून, प्लायवूडमधून, पत्र्यातून, मोटारीच्या काचेतून. गोळी किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर आत गेली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जाता कामा नये. माणसाची छाती काही ३० सेंटिमीटर खोल नसते. पण गोळी नेहमी समोरूनच लागत नाही. प्लॅटसारखा दंड आडवा आला किंवा माणूस तिरका उभा असला, तर ही खोली लागते. आणि गोळी फार खोल गेली, तर ती आरपार निघून मागच्या निरपराध माणसाला लागू शकते.

या कसोटीवर प्रथम १० मिमी काडतूस निवडले गेले. त्याचा धक्का अनेकांना पेलवेना, म्हणून १९९० साली त्याची छोटी आवृत्ती .४० बाजारात आली आणि अमेरिकी पोलीस खात्यांनी ती झपाट्याने उचलली. दरम्यान गोळी बनवणारे कारखाने स्वस्थ नव्हते. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर उमलते आणि तिचा व्यास सुमारे दीडपट होतो, पण कपड्याचे धागे त्या पोकळीत अडकले की जुन्या गोळ्या उमलतच नसत. शिशाला तांब्याचे वेष्टन घट्ट चिकटवून आणि पोकळीचा आकार बदलून हा दोष बराच कमी झाला. परिणामी चांगल्या ९ मिमी गोळीची खोली .४० आणि .४५च्या तोडीस आली. २०१४ साली एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिमीकडे परत जाण्याचा सल्ला दिला आणि पुढे संस्था तिकडेच वळली.

याचे कारण हातांत आहे. ९ मिमीचा धक्का कमी, म्हणून पहिल्या गोळीनंतर नेम लवकर जागेवर येतो. मॅगझिनमध्ये गोळ्याही जास्त मावतात: १९११च्या पिस्तुलात सात, ग्लॉक १७ या ९ मिमी पिस्तुलात सतरा. आणि प्रत्यक्ष चकमकीत नेम चुकतोच. न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदींवर रँड संस्थेने केलेल्या अभ्यासात १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या सरासरी १८ टक्केच गोळ्या लक्ष्यावर लागल्या होत्या. प्रशिक्षित माणसाची ही स्थिती असेल, तर हौशी माणसाने हाताला न झेपणारे कॅलिबर घेणे चुकीचेच.

कॅलिबरला काहीच अर्थ नाही, असाही निष्कर्ष काढू नये. बॉस्टनमधल्या २०१० ते २०१४च्या गोळीबारांचा अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. .२२, .२५ आणि .३२च्या तुलनेत मध्यम कॅलिबरच्या गोळीने मृत्यू ओढवण्याचे प्रमाण सव्वादोन पट आणि मोठ्या कॅलिबरचे साडेचार पट निघाले. जखमांची संख्या आणि जागा मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच होती. हा निकाल स्वसंरक्षणाच्या बाजूने वाचण्याची घाई बरी नव्हे. मृत्यू तासाभराने रुग्णालयातही येतो. स्वसंरक्षणाचा प्रश्न हल्ला पुढच्या काही सेकंदांत थांबतो का, एवढाच असतो. मोठे कॅलिबर माणसे जास्त मारते. हल्लेखोर लगेच थांबेल याची हमी देत नाही. घरातल्या भांडणात किंवा चुकून सुटलेल्या गोळीत मात्र ही वाढीव मारकता आपल्याच माणसांवर उलटते.

लहान कॅलिबरची अडचण खोलीची आहे. .२२ आणि .३२च्या गोळ्या हलक्या असतात. त्या उमलल्या तर पुरेशा खोल जात नाहीत. म्हणून अशा पिस्तुलात साधी, न उमलणारी गोळी वापरण्याचा सल्ला जाणकार देतात. ज्याच्या मनगटात ताकद कमी आहे, त्याने मात्र मोठ्या पिस्तुलाने नेम चुकवण्यापेक्षा लहान पिस्तुलाने तो साधणे केव्हाही बरे.

भारतात हा वाद बव्हंशी पुस्तकी आहे. ९ मिमीसारखी सैन्य-पोलिसांची कॅलिबर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. परवानाधारकाच्या हाती येते ते मुख्यतः .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही .३२चेच. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. महाराष्ट्रात परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात, आणि हाती कोणतेही कॅलिबर असले तरी भारतीय न्याय संहितेच्या ३७व्या कलमानुसार बचावासाठी गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.