हक्क लेकराचा, तडजोड थोरांची

कोपरखैरण्यातील सेक्टरांमध्ये तळमजल्यांवरच्या दुकानांत संध्याकाळी आईवडिलांइतकीच मुलांचीही वर्दळ असते. नुकत्याच पुसलेल्या लादीवर पाय घसरतो, स्वच्छ काचेच्या दारावर कपाळ आपटते, उंच रचलेले डबे अंगावर कोसळतात. दुकानदार धावतो, डॉक्टरांचे पैसे भरतो. मुलाचे वडीलही बहुधा व्यापारीच; ‘असू द्या, होऊन गेले’ म्हणून विषय संपतो. साध्या खरचटीपुरते हे शहाणपणाचेच आहे. परंतु हाड मोडले वा डोळ्याला इजा झाली, तर प्रश्न दोन व्यापाऱ्यांच्या मैत्रीचा राहत नाही. जखम मुलाची, म्हणून भरपाईचा हक्कही मुलाचाच. वडील त्याच्या वतीने केवळ उभे राहतात.

या एका भेदातून बरेच काही निघते. निष्काळजीपणाबद्दलचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मात्र १९६३ च्या मुदत कायद्याने अज्ञानाला सवलत दिली आहे: त्याच्या स्वतःच्या दाव्याची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर धावू लागते. वडिलांनी स्वतः केलेल्या औषधपाण्याच्या खर्चाला ही सवलत नाही. तसेच, दावा न्यायालयात गेल्यानंतर अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल त्या तडजोडीस नकार देऊ शकते. न्यायालयाबाहेर ‘पूर्ण समाधान झाले’ असे लिहून दिलेली चिठ्ठी मुलाच्या हिताची नसेल, तर तिलाही पुढे आव्हान मिळू शकते. दुकानदाराने हे विसरू नये.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रारदार राहतो त्या ठिकाणीही ती दाखल करता येते. १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपचार घेणारे बालक आणि पैसे मोजणारे पालक, दोघांनाही ग्राहक मानले. तो निकाल रुग्णालयाचा. दुकानाच्या बाबतीत ‘सेवेतील त्रुटी’ कशास म्हणावे, यावर वाद होऊ शकतो. काहीच न घेता सहज डोकावलेल्या कुटुंबाला तर दिवाणी न्यायालयाचीच वाट अधिक भक्कम. म्हणून बिल जपून ठेवावे.

पोलीस ठाण्याची पायरी गंभीर प्रसंगीच चढावी. इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारे बेदरकार वा निष्काळजी कृत्य आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली येते. जबर दुखापत झाल्यास शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. पण शिक्षेने मुलाच्या हाती भरपाई पडत नाही.

दोष नेमका कोणाचा? आपल्या न्यायालयांनी या विषयात ब्रिटनचे जुने निवाडेही मार्गदर्शक मानले आहेत. ग्लासगोच्या सार्वजनिक उद्यानात सात वर्षांच्या मुलाने चेरीसारखी दिसणारी विषारी फळे खाल्ली आणि तो दगावला. १९२१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वडिलांचा दावा चालण्यास योग्य ठरवला, कारण मुलाला मोह पाडणारी वस्तू उघडी ठेवणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. खेळण्यांच्या मांडणीजवळ उघडी वायर ठेवणाऱ्यास हे सांगावे लागू नये. उलट १९५५ च्या फिप्स खटल्यात पाच वर्षांचे मूल चरात पडले, तेव्हा इतक्या लहानग्याला मोठ्यांवाचून पाठवणाऱ्या पालकांकडे न्यायालयाने बोट दाखवले. सामान निवडताना हात सुटलेल्या आईबापांनाही प्रश्न विचारला जाईलच.

पुराव्याचे काम मात्र त्याच दिवशीचे. ओल्या लादीचे छायाचित्र, रुग्णालयाचे कागद, साक्षीदारांची नावे मिळवावीत आणि सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी करावी. अनेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाते. दुकानदारानेही ते पुसू देऊ नये, कारण ‘ओले आहे’ ही पाटी लावली होती हे त्यालाही दाखवायचे असते. दुकानाच्या विमा पॉलिसीत त्रयस्थांप्रती दायित्वाचे कलम आहे की नाही, हे हप्ता भरतानाच पाहावे. अनेक जण मालाचा आणि आगीचा विमा उतरवतात, गिऱ्हाइकाच्या दुखापतीचा नाही.

भरपाई मंजूर झालीच, तर मुलाच्या वाट्याची रक्कम न्यायालय बहुधा त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश देते. ती वडिलांच्या व्यवसायात फिरवता येत नाही.