शास्त्र शिवारात घडतं

जमीन कशी मोजावी इथपासून ती चोपण का होते इथपर्यंत, नीरेच्या खोऱ्यानं गेल्या दोनशे वर्षांत राज्याला मोठं ज्ञान दिलं. ते कुठं, कधी आणि कुणासाठी तयार झालं हे तपासलं, तर आज शेतात येणाऱ्या प्रत्येक सल्ल्याला काय विचारायचं ते कळतं.

इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्णे गावच्या कुठल्याही शेतकऱ्याचा सातबारा उघडा. गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार असे रकाने दिसतील. कागदावर हेक्टर आणि आर असले तरी पारावरची बोली एकर-गुंठ्यांचीच आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. ३३ फुटांच्या साखळीनं शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची आणि तिच्यावर सारा बसवायचा, ही पद्धत एकेकाळी साऱ्या मुंबई इलाख्यात चालली. तिची बैठक घडली ती याच इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास. आणि ती घडली, कारण त्याआधी बाहेरून आणलेलं एक शास्त्र याच मातीत सपशेल फसलं होतं.

लंडनचा सिद्धान्त, इंदापूरचा माळ

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुणे प्रांताचा महसूल कंपनी सरकारच्या हाती आला. सारा किती घ्यायचा, हा पहिला प्रश्न. त्याच्या एक वर्ष आधी डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. लागवडीचा खर्च, मजुरी आणि शेतकऱ्याचा नफा वजा जाता जे उरतं तो जमिनीचा खंड, आणि त्यावर कर बसवला तर शेतीला धक्का लागत नाही, असा त्याचा हिशेब होता. कंपनीचे अधिकारी तयार करणाऱ्या हेलिबरी कॉलेजात तेव्हा माल्थस अर्थशास्त्र शिकवत होते. त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुण्यात सहायक कलेक्टर झाला, आणि १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं हा सिद्धान्त शेताशेताला लावायला घेतला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे.

कागदावर यात खोट नव्हती. पण निव्वळ उत्पन्न काढायला दर शेताचं पीक, खर्च आणि बाजारभाव यांची खात्रीची माहिती हवी. ती गोळा करणाऱ्या कारकुनांवर देखरेख नव्हती. मोजणीत चुका राहिल्या आणि लाचलुचपतही झाली. त्याहून मोठी अडचण इथल्या आभाळाची होती. इंदापूर पर्जन्यछायेत येतं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही मनाला येईल तेव्हा. एका साली कणगी भरते, पुढच्या साली बियाणंसुद्धा परत मिळत नाही. अशा मुलखात ‘सरासरी उत्पन्न’ काढता येतं, पण रोख सारा दरसाल भरायचा असतो. त्यातच धान्याचे भाव उतरले. शेतकरी घरंदारं सोडून निजामाच्या हद्दीत निघून गेले आणि तालुक्यातली जमीन मोठ्या प्रमाणावर पडीक पडली.

प्रिंगल आळशी नव्हता, बेईमानही नव्हता. जिथं पाऊस ठरल्यासारखा येतो आणि जमीनदार, खंडकरी, मजूर असे तीन वेगळे वर्ग असतात, त्या इंग्लंडमध्ये त्याचं शास्त्र तयार झालं होतं. इथं मालक, कसणारा आणि राबणारा बहुधा एकाच घरातला होता. नफा, मजुरी आणि खंड वेगळे काढायला ते मुळात वेगळे नव्हते.

मातीत हात घालून

१८३५ नंतर एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांच्याकडे इंदापूरचं काम आलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. हे शेत त्या शेतापेक्षा किती चांगलं, एवढंच ते ठरवू लागले. ते ठरवायला शेतकऱ्याच्याच कसोट्या कामी आल्या: मातीचा रंग काय, पोत कसा आणि खोली किती. खोली हातानं मोजायची. पावणेदोन हात काळी माती असेल तर सोळा आणे, त्याहून उथळ असेल तर चौदा, बारा, दहा अशा उतरत्या एकूण नऊ प्रती, शेवटची दोन आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार, पाणी धरून ठेवणं अशा दोषांना नकाशावर खुणा आणि प्रत्येक दोषाला घट. गावागावाचे दर ठरवताना पाऊसमान, बाजाराचं अंतर आणि मागच्या वसुलीचा इतिहास बघायचा, आणि एकदा ठरलेला सारा तीस वर्षं हलवायचा नाही.

पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. १८४७ च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत साऱ्या इलाख्यासाठी पक्की केली, पुढं ती वऱ्हाडात आणि म्हैसुरातही गेली. कोकणात मात्र पावणेदोन हातांचा हिशेब पुरा पडला नाही. भातखाचरांसाठी वेगळी प्रतवारी लागली. इंदापूरचं ज्ञान प्रवासाला निघालं, तेव्हा त्यालाही नव्या मातीपुढं वाकावं लागलं.

इथं एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. शीव कुठं, बांध कुठला, कोणतं रान उन्हाळ्यात भेगाळतं, हे मोजणीदाराला दाखवणारी माणसं गावचीच होती. पाटील, कुलकर्णी, आणि सर्वांत आधी महार, कारण शिवेचं ज्ञान सांभाळण्याची जबाबदारी परंपरेनं त्यांच्यावर होती. त्यांच्या माहितीशिवाय साखळीचं एक टोकही टेकवता आलं नसतं. अहवालांवर नावं मात्र साहेबांची राहिली. ज्ञान कुणाच्या नावे जमा होतं, हेही त्या काळच्या सत्तेनं आणि जातीनं ठरवलं.

आकड्यांत शिरलेला काळ

तीस वर्षांची मुदत सर्वांत आधी इंदापूरचीच संपली. १८६७ च्या सुमारास कर्नल फ्रान्सिस यांच्या देखरेखीखाली फेरमोजणी होऊन दर चढले. त्याआधीची काही वर्षं मुलखावेगळी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला होता, रेल्वेच्या कामांनी हातात पैसा खेळत होता. त्या तेजीत बघितलेली सुबत्ता पुढच्या तीस वर्षांच्या दरांत उतरली. सत्तरीच्या दशकात भाव कोसळले, सारा तसाच राहिला आणि सावकाराचं देणं वाढत गेलं. १२ मे १८७५ रोजी सुपे इथं, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जखतं जाळली. इंदापूरसह पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरलं.

हे का घडलं? सरकारी आयोगानं कर्जबाजारीपणा आणि सावकारी यांवर मुख्य बोट ठेवलं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १८७० साली स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा वाढीव साऱ्याकडे लक्ष वेधत होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याला शिक्षणापासून दूर ठेवणारी जात, त्याला नाडणारी भटकामगारांची, म्हणजे ब्राह्मण कारकुनांची, नोकरशाही आणि बेपर्वा सरकार या तिघांना एकत्र बांधून दाखवलं.

मुलूख एकच, दुष्काळ आणि कर्ज तेच, आणि उत्तरं तीन. सरकार आपल्या साऱ्याकडे शेवटी बोट दाखवणार, सुशिक्षितांची सभा कारकुनाच्या जातीकडे शेवटी बघणार. जो तळाशी उभा आहे त्याला वरचं सगळं ओझं एकाच वेळी जाणवतं, म्हणून फुल्यांचं उत्तर सर्वांत व्यापक झालं. प्रत्येक ज्ञान कुठून तरी, कुणाच्या तरी डोळ्यांनी बघितलेलं असतं, असं अमेरिकी अभ्यासक डोना हॅरावे यांनी १९८८ साली मांडलं आणि जगभरच्या विद्यापीठांत त्यावर चर्चा झाली. फुल्यांनी ते शंभर वर्षं आधी शेतकऱ्याच्या बाजूनं करून दाखवलं होतं. मात्र याचा अर्थ सगळी मतं सारखीच खरी असा होत नाही. कोण कुठून बघतो आहे हे उघड केलं, की कुणाच्या नजरेतून काय सुटलं ते तपासता येतं.

पाणी आलं, मीठ वर आलं

१८७६-७७ च्या दुष्काळानं नीरा कालव्याच्या कामाला जोर आला. १८८५ साली डावा कालवा सुरू झाला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या रानांना पाणी मिळालं. सरकारच्या मनात ज्वारी वाचवणारा कालवा होता. शेतकऱ्यानं वेगळा हिशेब केला. बऱ्या पावसात ज्वारीला विकतचं पाणी कशाला? पैसे देणारं पीक ऊस. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी उसाचं कसब इकडं आणलं. वाटपाला शिस्त लावण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी या कालव्यासाठी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली.

तोवर जमीन बोलू लागली होती. काळी माती पाण्यानं फुगते आणि निचरा रोखून धरते. कालव्याची गळती आणि उसाचं पाणी यांनी जमिनीखालची पातळी वर आली. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की क्षार वरच राहिले, रानं पांढरी पडली. पुढं मातीत सोडियम वाढला की ती ओली असताना चिकट आणि सुकली की दगडासारखी होते. शेतकरी तिला चोपण म्हणतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला. १९१६ साली मुंबई इलाख्यानं सी. सी. इंग्लिस यांच्या हाताखाली खास सिंचन विभाग सुरू केला. दख्खनच्या कालव्यांखालच्या बिघडलेल्या जमिनी हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याच विभागातून पुढं खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. आज देशभरच्या नद्या आणि बंदरांचे प्रश्न जिथं सोडवले जातात, त्या संस्थेच्या मुळाशी दख्खनच्या कालव्यांची अडचण आहे.

पंजाबातही कालव्यांखाली जमिनी खारावल्या. पण तिथं खोल गाळ आहे, इथं काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक. इथं पाणी मुरमाच्या थरातून वाट काढतं. चर त्या थरापर्यंत पोचला नाही, तर तो खणून उपयोग नाही. क्षार वर का येतात याचं रसायनशास्त्र सगळीकडे एक, पण चर किती खोल आणि कुठं घ्यायचा, हे शिवार सांगतं.

सल्ल्याला तीन प्रश्न

शिवारात शास्त्र घडण्याची ही परंपरा चालू आहे. नीरेकाठच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून आलेला ‘फुले २६५’ हा वाण खारवट रानात तग धरतो, कारण असं रान त्या केंद्राच्या दारातच होतं. माळेगाव खुर्दला खडकाळ मुरमाड माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग सुरू आहेत. उपग्रह, संवेदक आणि मोबाईल आता पाण्याचा सल्ला देतात. त्याचं स्वागत केलं पाहिजे. पण यंत्रही कुठल्या तरी शेतांच्या आकड्यांवर शिकलेलं असतं. भारी काळ्या रानावर शिकलेला सल्ला मुरमाड रानाला लावला, तर आपण पुन्हा प्रिंगलच्या वाटेनं जाऊ.

म्हणून प्रत्येक सल्ल्याला तीन प्रश्न विचारावेत. हा कुठल्या मातीवर आणि किती खोलीवर तपासला? कुठल्या साली, पाऊस आणि बाजारभाव कसे असताना? आणि यातून कुणाचं उत्पन्न वाढणार आहे, शेतकऱ्याचं, कारखान्याचं की सल्ला विकणाऱ्याचं? ही उत्तरं सल्ल्यासोबत छापलेली असणं हा शेतकऱ्याचा हक्क मानला पाहिजे.

दुसरं काम गावाचं आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. अंथुर्ण्यासारख्या कालव्याखालच्या गावातली शाळा दर महिन्याला दहा-वीस विहिरींची पातळी, पाण्याचा खारेपणा आणि चोपण पडलेल्या रानांची नोंद ठेवू शकते. त्याला दोरी, वही आणि एक साधं खारेपणा-मापक पुरतं. पाच-दहा वर्षांत त्या वहीत जे साठेल ते कुठल्याही संस्थेकडे नसेल. त्या नोंदींवर मोजणाऱ्या मुलामुलींची नावं असावीत. गेल्या दोनशे वर्षांत या शिवारानं दिलेलं ज्ञान दुसऱ्यांच्या नावे जमा झालं, पुढचं तरी इथल्या माणसांच्या नावावर राहिलं पाहिजे.